रोजचा वाटा रोज घ्या: प्रभूवर भरवसा ठेवून आत्म्याची भूक भागवायची कशी

दर रविवारी उपासनेला जाणारी, गीतं तोंडपाठ असलेली, जेवायच्या आधी न चुकता प्रार्थना करणारी कितीतरी माणसं आतून उपाशी असतात. आणि हे कुणाला बोलून दाखवायची सोय नसते, कारण बोललं की समोरचा लगेच म्हणतो, अरे विश्वास वाढव. बरं वाढवतो, पण कसा वाढवू, सकाळी उठल्यावर नक्की काय करू, ते कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख, आणि म्हणून तो जरा सविस्तर. तुम्ही कॅथलिक असा, प्रोटेस्टंट असा, नुकतेच प्रभूकडे वळलेले असा किंवा लहानपणापासून मंडळीत वाढून आता सगळं कोरडं वाटायला लागलेले असा, यातलं बहुतेक सगळं तुम्हाला जमेल. लागणार काय, एक बायबल, एक वही, एक पेन, बस.

भरवसा नक्की कशावर

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. बऱ्याच जणांना वाटतं की भरवसा म्हणजे मनातली शंका साफ काढून टाकायची आणि छातीठोकपणे म्हणायचं की होणार म्हणजे होणारच. मग शंका आली की स्वतःचाच राग येतो, आपला विश्वास कच्चा आहे म्हणूनच प्रभू ऐकत नाहीये असं वाटायला लागतं, आणि माणूस प्रार्थनेपासूनच लांब पळतो. या एका समजुतीनं चांगली चांगली विश्वासू माणसं थकून गेलेली असतात.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायातला तो बाप बघा. पोराला लहानपणापासून झटके येतायत, कधी विस्तवात पडतो कधी पाण्यात, शिष्यांकडे आणलं तर त्यांच्याच्यानं काही झालं नाही, आणि येशूसमोर हा माणूस ओरडून म्हणतो, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच दमात विश्वासही आणि अविश्वासही! येशूनं त्याला असं नाही सांगितलं की जा, आधी शंका मिटव आणि मग ये. पोरगा तिथेच बरा झाला.

आता दुसरं. प्रेषित पौलानं आपला तरुण साथीदार तीमथ्य याला लिहिलेलं दुसरं पत्र काढा, तुरुंगातून लिहिलेलं आहे, समोर मरण दिसतंय. त्यात पहिल्याच अध्यायात तो म्हणतो की ज्याच्यावर मी विश्वास ठेवला त्याला मी ओळखतो. माझा विश्वास किती मोठा, हे तो मोजतच नाही, कोणावर ठेवलाय ते सांगतो. आणि त्याच पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो तीमथ्याला कळवतो की त्रोवस शहरात कार्प नावाच्या माणसाकडे राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, पुस्तकंही आण, आणि हिवाळ्याच्या आधी यायचं बघ. मला हा झगा फार आवडतो. ज्या माणसानं अख्खं आयुष्य प्रभूच्या हवाली केलं त्याला थंडी वाजणार हे माहीत होतं, आणि मित्राकडे झगा मागण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. तेव्हा भरवसा ठेवणारा माणूस डॉक्टरकडे जातो, नोकरीचे अर्ज भरतो, मदत मागतो, आणि हे करताना त्याचा भरवसा काही कमी होत नाही.

म्हणजे भरवसा वाढवायचा तर ज्याच्यावर ठेवायचा त्याची ओळख वाढवायला लागते, आणि ओळख वाढते ती रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसून. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: जे खरं आहे ते आधी सांगून टाका

प्रार्थनेला बसलं की आपण एकदम गोड बोलायला लागतो. धन्यवाद प्रभू, स्तुती असो प्रभू, आणि पोटात मात्र आग पडलेली असते. असं बोलून पोषण होत नाही, कारण प्रभूसमोर आपण बसलेलोच नसतो, आपला एक चांगला दिसणारा नमुना बसवलेला असतो.

स्तोत्र १३ उघडा. फक्त ६ वचनं आहेत, दोन मिनिटात वाचून होतं. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा विचारतो, किती काळ? किती काळ तू मला विसरणार, किती काळ तोंड लपवणार, किती काळ मी मनात झुरत राहू, किती काळ शत्रू माझ्यावर वरचढ होणार. सरळ सरळ तक्रार आहे, त्यात कुठलीही साखर घातलेली नाही. पुढची दोन वचनं मागणीची, माझ्याकडे बघ, मला उत्तर दे, माझ्या डोळ्यांत तेज येऊ दे. आणि मग ५ व्या वचनात तो म्हणतो, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. आता नीट बघा, चौथ्या आणि पाचव्या वचनाच्या मधे काय घडलं? काहीच नाही. शत्रू गेला असं कुठे लिहिलेलं नाही, उत्तर आलं असंही नाही. जे बोलायचं ते सगळं त्याच्यासमोर बोलून झालं आणि तेव्हा भरवशाचा शब्द तोंडातून निघाला, आधी नाही.

तुम्ही हेच करायचं. वहीचं पान घ्या आणि तुमचे चार 'किती काळ' लिहा, अगदी रोजच्या भाषेत. प्रभू, किती दिवस मला झोप लागणार नाही. किती दिवस घरात हा अबोला चालणार. किती दिवस मी सगळ्यांसमोर हसत राहू. मग त्याखाली एकच मागणी लिहा, नेमकी, मला आशीर्वाद दे असली मोघम नको. रात्री तीन तास तरी सलग झोप दे, अशी. आणि त्याखाली एक ओळ मोकळी सोडा. भरवशाची ओळ त्या दिवशी लिहावीशी वाटली तर लिहा, नाही वाटली तर ओळ कोरीच राहू द्या, उद्या परत त्याच पानावर या. ढकलून ढकलून ५ व्या वचनापर्यंत जायची काही गरज नाही.

दुसरी पायरी: रोज थोडं, पण रोज

इस्राएल लोक अरण्यात होते तेव्हा देवानं त्यांना मान्ना, म्हणजे आकाशातून येणारं अन्न दिलं, ते निर्गम १६ मधे आहे. माणशी एक ओमेर, हे त्यांचं एक माप, तेवढाच गोळा करायचा, तोही सकाळी, कारण ऊन चढलं की तो वितळून जायचा. काहींनी हुशारी करून दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडले आणि घाण वास सुटला. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या दिवशीच्या विश्रांतीसाठी, आणि तो मात्र खराब झाला नाही. हे असं ४० वर्षं चाललं. साठा करायची सोयच देवानं ठेवली नव्हती. येशूनंही प्रार्थना शिकवली ती अशीच, आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. महिन्याचं रेशन त्यात मागितलेलं नाही.

आपण करतो काय, वर्षातून एकदा मोठ्या सभेला जातो, तीन दिवस भरभरून ऐकतो, रडतो, निर्णय घेतो, आणि मग त्यावरच वर्ष काढायला बघतो. सभा वाईट नसतात, पण त्या रोजच्या जेवणाच्या ऐवजी चालत नाहीत.

तर रोजचं रुटीन कसं बसवायचं. वेळ ठरवा, १५ मिनिटं पुष्कळ झाली सुरुवातीला. तासाभराचा संकल्प कृपा करून करू नका, चौथ्या दिवशी मोडतो आणि मग अपराधीपणा येतो. सकाळ चांगली, पण नाइट शिफ्ट असेल, घरात तान्हं बाळ असेल तर जी वेळ खरंच तुमची आहे ती धरा, दुपार असू दे नाहीतर रात्र. जागा एकच ठेवा, तिथे बसलं की मन आपोआप त्या गोष्टीकडे वळायला लागतं, थोड्या दिवसांनी हे तुम्हाला जाणवेल. आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. ॲपवर बायबल वाचणं सोयीचं आहे हे खरं, प्रवासात मीही वाचतो, पण एक नोटिफिकेशन आलं की आपण कुठल्या कुठे जातो, त्यामुळे या १५ मिनिटांसाठी तरी कागदाचं बायबल घ्या.

वाचायचं काय? जिथे उघडेल तिथे वाचायचं, हा प्रकार बंद करा. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा, १६ अध्याय आहेत, छोटं आहे, भराभर पुढे सरकतं आणि येशू प्रत्यक्ष चालताना बोलताना दिसतो. रोज अर्धा अध्याय घेतला तर महिनाभर पुरतो. त्याच्या जोडीला एक स्तोत्र. मार्क संपलं की फिलिप्पैकरांस पत्र, चारच अध्याय, आणि मग योहान. अनुवाद अवघड जात असेल तर सोप्या भाषेतला घ्या, त्यात काही कमीपणा नाही, समजलं नाही तर खाणार काय.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला फार उपयोगाची वाटते. जॉर्ज म्युलर नावाचा माणूस होता, १८०५ मधे जन्मला, १८९८ मधे वारला, इंग्लंडमधे ब्रिस्टलला त्यानं हजारो अनाथ मुलांना सांभाळलं आणि पैशासाठी माणसांपुढे हात न पसरता प्रार्थनेवर सगळं चालवलं म्हणून तो ओळखला जातो. या माणसानं १८४१ मधे लिहून ठेवलंय की दिवसातलं माझं पहिलं काम म्हणजे माझा जीव प्रभूमधे आनंदी होणं, बाकी सेवा वगैरे नंतर. त्याआधीची निदान दहा वर्षं तो सकाळी उठून कपडे घातले की थेट प्रार्थनेला बसायचा आणि पहिली दहा मिनिटं, पाव तास, कधी कधी अर्धा तास मन भटकण्यातच जायचा. मग त्यानं क्रम बदलला. आधी वचन वाचायचं, त्यावर मनन करायचं, आणि त्यातूनच प्रार्थना सुरू होऊ द्यायची. प्रार्थनेचा एवढा मोठा माणूस आणि त्याचंही मन भटकायचं, हे वाचून धीर येतो की नाही! तुमचंही भटकत असेल तर क्रम बदला, आधी ऐका, मग बोला.

एखादा दिवस चुकला तर? चुकला. दुसऱ्या दिवशी कालचा आणि आजचा मिळून डबल वाचायला जाऊ नका, आजचा वाटा आज घ्या आणि पुढे चला. मागची थकबाकी भरायच्या नादात बायबल वाचायचे प्लॅन फेब्रुवारीत बंद पडतात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

तिसरी पायरी: गिळू नका, चावून खा

१२ व्या शतकात फ्रान्समधल्या कार्थुशियन, म्हणजे एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती साधूंच्या मठात गीगो नावाचा एक मठप्रमुख होता, त्यानं वचन वाचायच्या चार पायऱ्या सांगितल्या, वाचन, मनन, प्रार्थना आणि शांतपणे देवासमोर राहणं. त्यानं खाण्याच्याच भाषेत समजावलंय, वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थनेत चव लागते, आणि शेवटच्या पायरीत ती गोडी स्वतःच. आजही ही पद्धत जगभर वापरतात. एक उदाहरण सगळं करून दाखवतो म्हणजे नीट कळेल.

मार्क ४, वचनं ३५ ते ४१. वादळाची गोष्ट. पहिल्यांदा सरळ वाचा, एकदा. मग दुसऱ्यांदा हळू, ओठ हलवत, आणि जिथे मन अडकेल तिथे थांबा. समजा 'उशी' या शब्दावर अडकलं. होडीत पाणी भरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. बाकीच्या शुभवर्तमानांतही ही गोष्ट आहे पण उशी फक्त मार्कनं सांगितलीय. दिवसभर लोकांना शिकवून दमलेला माणूस आहे तो, खरोखरचा दमलेला, आणि बापाच्या हातात इतका निर्धास्त की लाटा आत येतायत तरी झोप मोडत नाही.

आता चावा. प्रश्न विचारा. पलीकडे जाऊ या, हे कोण म्हणालं होतं? येशूच. म्हणजे त्याचं ऐकून निघाले तरी वादळ आलं, वादळ आलं म्हणजे मी रस्ता चुकलो असं नसतं. होडीत कोण होतं? त्यातले काही जन्माचे मासेमार, हा समुद्र त्यांच्या पायाखालचा, तरी ते घाबरले, म्हणजे वादळ खरंच मोठं होतं. त्यांनी काय केलं? त्याला उठवलं आणि वर विचारलं की आम्ही बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का? चांगली प्रार्थना नाही ही, पण ते त्याच्याकडेच गेले ना. आणि येशूनं आधी काय केलं? आधी वारा शांत केला आणि मग विचारलं की तुम्हाला अजून विश्वास नाही का. मार्कमधे क्रम असा आहे. माझ्यासाठी तरी या क्रमात फार मोठं सांत्वन आहे, वारा थांबवायच्या आधी त्यानं त्यांच्या विश्वासाची परीक्षा घेतली नाही.

मग यातूनच प्रार्थना. प्रभू येशू, तू होडीत आहेस हे मला माहीत आहे पण मला तू झोपलेला वाटतोस. घरच्या आजारपणाचं पाणी आत भरतंय. तुला काळजी नाही का असंच माझ्याही मनात येतं. ऊठ. एवढंच. आणि मग दोन तीन मिनिटं काही न बोलता बसा. काही वाटलं पाहिजे, अंगावर काटा आला पाहिजे, असं काही नाही. शेवटी तो एक शब्द किंवा ते एक वाक्य छोट्या चिठ्ठीवर लिहा आणि दिवसभर खिशात ठेवा, रांगेत उभं असताना, भांडी घासताना काढून बघा. दिवसाच्या शेवटी ते वाक्य तोंडपाठ झालेलं असतं, आणि पुढे कधीतरी रात्री दोन वाजता टेन्शननं जाग आली की नेमकं तेच आठवतं. पाठांतराचा खरा उपयोग तिथे कळतो. अरण्यात सैतानानं मोह घातला तेव्हा येशूनं उत्तर दिलं ते पाठ असलेल्या वचनानंच, मनुष्य केवळ भाकरीनं जगणार नाही, आणि तेव्हा तो ४० दिवसांचा उपाशी होता.

चौथी पायरी: एक ओझं घ्या आणि नाव घेऊन त्याच्या हाती द्या

कशाचीही काळजी करू नका, सगळ्या गोष्टींत प्रार्थना आणि विनंती करून आभारासहित आपली मागणी देवाला कळवा, हे फिलिप्पैकरांस ४:६ सगळ्यांना येतं. स्टेटसला पण असतं. पण ते करायचं कसं?

वहीत पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारा. वर त्या आठवड्याची एकच काळजी लिहा. डावीकडे, यात आज माझ्या हातात काय आहे. उजवीकडे, यात माझ्या हातात काय नाही. समजा मुलाच्या परीक्षेची काळजी आहे. डावीकडे येईल, त्याला वेळेवर जेवायला देणं, घरात आवाज कमी ठेवणं, त्याच्यावर ओरडायचं नाही. उजवीकडे, पेपर कसा येईल, त्याला आठवेल की नाही, पुढे काय होईल. मग उजव्या बाजूची एकेक ओळ मोठ्यानं वाचायची आणि म्हणायचं, प्रभू, हे तुझ्याकडे. आणि डाव्या बाजूचं उठून करायला लागायचं. आणि त्याच वचनात आभार पण आहेत, तेव्हा पानाच्या खाली आज मिळालेल्या तीन गोष्टी लिहा, बारीकसारीक चालतील.

काळजी परत येणार. तासाभरात येईल. आली म्हणजे तुमचा भरवसा फेल गेला असं समजू नका, परत त्याच्या हाती द्या, दिवसातून वीस वेळा द्यावी लागली तर वीस वेळा.

आणि एक गोष्ट लपवून ठेवणं बरोबर नाही. मागितलेलं प्रत्येक वेळी मिळत नाही. पौलानं अंगातला काटा, म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, काढावा म्हणून तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. काटा तसाच राहिला. गेथशेमाने बागेत येशूनंही तीनदा प्रार्थना केली की हा प्याला टळो, आणि प्याला टळला नाही. तेव्हा कुणी तुम्हाला सांगितलं की विश्वास पूर्ण असता तर तुमचा माणूस वाचला असता, तर त्या बोलण्याला पवित्र शास्त्राचा आधार नाही, ते मनावर घेऊ नका. फिलिप्पैकरांसच्या पुढच्याच वचनात देवानं काय कबूल केलंय ते वाचा. मागितलेली वस्तू मिळेलच असं ते वचन म्हणत नाही, देवाची शांती तुमच्या मनावर पहारा देईल असं म्हणतं, आणि हे लिहिणारा पौल तेव्हा बेड्यांत होता.

पाचवी पायरी: एकट्यानं जेवू नका

प्रेषितांच्या कृत्यांत २:४२ मधे पहिली मंडळी काय करायची ते एका ओळीत आहे, प्रेषितांचं शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना. चारही एकत्र माणसांनी करायच्या गोष्टी. लूक २४ मधले ते दोघं अम्माऊसच्या वाटेवर निराश होऊन चालले होते, येशू त्यांच्याबरोबर चालत होता तरी त्यांनी ओळखलं नाही, वाटेत तो शास्त्र उलगडून सांगत होता तेव्हा आत काहीतरी पेटत होतं, पण ओळख पटली ती घरात, त्यानं भाकर मोडली तेव्हा. म्हणून प्रभुभोजनाला, मिस्साला सवयीनं जाऊन येऊ नका. आदल्या रात्री पाच मिनिटं काढा, कुणाशी वाकडं असेल तर फोन करा, स्वतःच्या चुका नाव घेऊन कबूल करा, आणि मग भाकर हातात घेताना एवढंच मनात ठेवा की हे तुझं शरीर माझ्यासाठी दिलेलं आहे. यात तुम्हाला काही सिद्ध करायचं नसतं, फक्त घ्यायचं असतं.

मोठ्या मंडळीत कुणी कुणाला ओळखत नाही, तेव्हा त्यात दोन तीन माणसं धरा. आठवड्यातून एकदा भेटा, नाही जमलं तर फोनवर. एकमेकांना एकच विचारा, या आठवड्यात वचनातून काय मिळालं आणि कशासाठी प्रार्थना करू. ग्रुपवर रोज फॉरवर्ड केलेली वचनं टाकणं म्हणजे सहभागिता नाही, हे माझं ठाम मत.

मंडळी शोधत असाल तर बघा की तिथे पवित्र शास्त्र उघडून शिकवतात का, गरीब आणि श्रीमंत दोघांना सारखीच जागा आहे का, पाळकाला प्रश्न विचारता येतो का. आणि जिथे आशीर्वादाचा भाव पैशात सांगतात, औषधं बंद करा म्हणतात, घरच्यांशी संबंध तोडा म्हणतात, तिथून निघा. घाबरू नका, तुम्ही प्रभूला सोडून जात नसता.

काहीच वाटत नाही तेव्हा

हे सगळं करूनही कोरडे दिवस येतात, कधी महिनेच्या महिने. १ राजे १९ मधे एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांवर मिळवलेल्या एवढ्या मोठ्या विजयानंतर पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे. आणि झोपला. देवानं काय केलं? रागावला नाही, उपदेश पण केला नाही. दूतानं हात लावून उठवलं, ऊठ, खा. बघतो तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. खाल्लं, प्यायला, परत झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, परत तेच, ऊठ, खा, तुला दूर जायचंय. दोनदा जेवण, दोनदा झोप, आणि बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर, तेही वारा, भूकंप, अग्नी यांत नाही, अगदी मंद वाणीत.

तेव्हा आधी शरीर बघा. झोप होतेय का, जेवण होतंय का, किती दिवस सुट्टी नाही. आणि उदासी आठवडेच्या आठवडे जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर आजच जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरकडे जा. डिप्रेशन हा आजार आहे, पाप नाही, आणि औषध घेतल्यानं प्रभूचा अपमान होत नाही.

शरीर ठीक आहे आणि तरी आत शांतच आहे, असं असेल तर आपले शब्द थांबवा आणि उसने शब्द घ्या. प्रभूची प्रार्थना हळूहळू म्हणा. स्तोत्र ८८ म्हणा, ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही, तरी ते शास्त्रात आहे आणि शतकानुशतकं लोक ते देवासमोर म्हणत आलेत. मदर तेरेसा १९९७ मधे वारल्या, नंतर त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना आतून देव जाणवतच नव्हता, फक्त अंधार. आणि त्या सगळ्या काळात त्या रोज मिस्साला जात होत्या, रोज प्रार्थनेला बसत होत्या, रोज रस्त्यावरच्या माणसाला उचलून आणत होत्या. काही वाटत नसताना वाटा घ्यायला जाऊन बसणं, हाही भरवसाच आहे, माझ्या मते तर सगळ्यात पक्का.

सहावी पायरी: वाढायलाही उठा

योहान ४ मधे येशू दमून विहिरीपाशी बसलाय, शिष्य गावात खायला आणायला गेलेत. ते घेऊन येतात, गुरुजी जेवा म्हणतात, आणि तो म्हणतो, ज्यानं मला पाठवलं त्याची इच्छा पूर्ण करणं हेच माझं अन्न. मधल्या वेळात काय झालं होतं? ज्या शोमरोनी बाईशी यहूदी माणूस एरवी बोलत नसे तिच्याशी तो बोलत बसला होता. म्हणजे दुसऱ्याला देण्यातून भूक भागते, हा त्याचा स्वतःचा अनुभव. यशया ५८ मधेही तेच आहे, भुकेल्याला आपल्यातलं दिलंस तर परमेश्वर कोरड्या ठिकाणी तुझा जीव तृप्त करील.

नुसतं घेत राहणाऱ्याला काही काळानं वचन बेचव लागायला लागतं, हे मी खूप जणांच्या बाबतीत बघितलंय. त्यामुळे पहिल्या महिन्यातच हे सुरू करा, परिपक्व झाल्यावर बघू म्हणून थांबू नका. मोठं काही नको. वहीत चार नावं लिहा, एक आजारी, एक एकटा पडलेला, एक ज्याच्याशी तुमचं पटत नाही, एक ज्याला प्रभू अजून माहीत नाही. आठवड्याला एक नाव. त्या आठवड्यात त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची आणि एक काम करायचं, भेटून या, औषध आणून द्या, नुसतं बसून ऐकून घ्या. गेल्यावर वचनांचा मारा करू नका, त्यानं विचारलं तर तुम्हाला सकाळी जे मिळालं तेवढंच सांगा. आणि तुमच्यासाठी प्रार्थना करतो असं म्हणालात तर घरी जाऊन करू म्हणून ठेवू नका, विसरायला होतं. त्याला विचारा, आत्ता केली तर चालेल का, आणि हो म्हणाला तर तिथेच, दोन वाक्यात, त्याचं नाव घेऊन करा.